मोडक्या जीपचा भाव



जिल्हा बैठकीच्या अंकासाठी भावाच्या प्रश्नावर लिहा, असा निरोप आला. भावावरच लिहितो आहे. मात्र कापसाच्या किंवा ज्वारीच्या नव्हे, एका मोडक्या जीपच्या. हसू नका. तुमच्यापैकी ज्याच्या दारात जुना ट्रॅक्टर, जीप, पिकअप किंवा मोटारसायकल उभी आहे, त्याच्यावर ही पाळी कधी ना कधी येऊ शकते. आणि ज्याच्या दारात यातले काहीच नाही, त्याने पीकविम्याचा हप्ता तरी भरलेला असतोच. त्यालाही या हिशेबातून काही सापडेल.

मी सध्या कर्जत-खालापुरात काम करतो. कर्जत म्हटले की आपल्याकडच्या माणसाला नगरकडचे, ज्वारीच्या मुलखातले कर्जत आठवते. हे ते नव्हे. हे रायगड जिल्ह्यातले, घाटाखालचे, भाताचे कर्जत. परभणीला शेतकी शिकत होतो तेव्हा पाऊस कधी येतो याकडे डोळे लागलेले असत. इथे तो कधी थांबतो याकडे लागतात. रेल्वे आणि मुंबई-पुणे रस्ता या भागातून जातात, म्हणून नकाशावर हा मुलूख शहराला लागून दिसतो. पण मोठा रस्ता सोडून डोंगराकडे वळले की ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात, आणि वाडीचा रस्ता म्हणजे पावसाळ्यात ओढ्याचेच पात्र. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीची माणसे चिखलातून डोंगर चढून पायी गेली. माती उपसायची मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, कारण वाडीला गाडीरस्ताच नव्हता.

असल्या मुलखात चारही चाकांना जोर असलेली जीप ही चैनीची वस्तू नाही. बियाण्याची पोती, खताच्या गोण्या, आजारी म्हातारा, अडलेली बाळंतीण, बैठकीची माणसे, सगळ्यांना तीच. माझी जीप २०१२ ची, दुसऱ्या हाताने घेतलेली. दिसायला खटारा, पण जिथे तालुक्याच्या साहेबाची गाडी थांबायची तिथून हिचे काम सुरू व्हायचे.

२०२४ च्या जुलैत पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याकडल्या एका वाडीतून परतताना रस्त्याची कड पावसाने खचली आणि जीप आम्हा तिघांना घेऊन ओढ्यात गेली. माणसे वाचली. एकाच्या मनगटाला मार बसला, तेवढ्यावर भागले. जीप मात्र रात्रभर पाण्यात राहिली. सकाळी गावातल्या ट्रॅक्टरने दोर लावून ती ओढून काढली आणि आठ दिवसांनी विमा कंपनीने सांगितले, गाडी ‘टोटल’ झाली.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. नाव बदलले म्हणून हिशेब बदलत नाही.

‘टोटल’ म्हणजे काय?

गाडी टोटल झाली म्हटले की आपल्याला वाटते, लोखंडाचा चुरा झाला, आता काही उरले नाही. तसे नसते. ‘टोटल’ हा कागदावरच्या गणिताचा शब्द आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर गाडीची एक किंमत छापलेली असते, तिला आय.डी.व्ही. म्हणतात. गाडी काढण्याचा आणि पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेला दुरुस्तीचा खर्च मिळून त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी दुरुस्ती करून देत नाही, गाडी टोटल धरते.

माझा आकडा सांगतो. पॉलिसीवर किंमत होती २ लाख ४० हजार. त्याचे ७५ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. कंपनीने ज्या वर्कशॉपकडे गाडी नेली त्यांचा अंदाज निघाला ३ लाख ६० हजार: २ लाख ७० हजारांचे सुटे भाग आणि ९० हजारांची मजुरी. आता इथे एक मेख आहे. जुन्या गाडीच्या नव्या सुट्या भागांचे पूर्ण पैसे कंपनी देत नाही. गाडी १० वर्षांवरची असेल तर लोखंडी भागांत ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर तर गाडी कितीही नवी असो, ५० टक्केच. म्हणजे माझ्या २ लाख ७० हजारांच्या भागांपैकी कंपनीकडे लागू झाले १ लाख ३५ हजार, त्यात मजुरी मिळवली की २ लाख २५ हजार. हा आकडाही १ लाख ८० हजारांच्या वर. गाडी टोटल.

हे गणित प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावे. कारण आकडा जर ७५ टक्क्यांच्या आत बसला असता, तर कंपनी म्हणाली असती दुरुस्त करा, आणि अर्ध्या सुट्या भागांचे पैसे माझ्या खिशातून गेले असते. जुन्या गाडीच्या मालकाला दुरुस्तीचा क्लेम कधी कधी टोटलपेक्षा महाग पडतो. ‘टोटल’ शब्द ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि ‘दुरुस्ती मंजूर’ ऐकून पेढे वाटण्याचेही नाही. दोन्ही बाजूंची बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय कुठेही सही करू नये.

भाव कधी ठरतो?

कंपनीचा पहिला माणूस आला तो म्हणाला, “अहो, बारा वर्षांची गाडी. आज बाजारात पावणेदोन लाखांच्या वर कोण देतो? त्यातून भंगाराचे ६५ हजार वजा करू, नियमाप्रमाणे २ हजार वजा करू, आणि १ लाख ८ हजारांचा चेक देऊ. गाडीचे भंगार तुम्हालाच ठेवा.” बोलणे गोड होते. चहाही त्यानेच पाजला.

व्यापारी कापसाच्या गाडीवर हात फिरवतो आणि म्हणतो, ‘ओल आहे, कवडी आहे, एवढाच देतो,’ तेव्हा आपल्या पोटात जो खड्डा पडतो तो मला त्या टेबलावर पडला. पण यावेळी माझ्या हातात एक गोष्ट होती, जी बाजारात उभ्या असलेल्या कापूसवाल्याच्या हातात नसते. भाव आधी लिहून ठेवलेला होता.

गाड्यांच्या विम्याच्या पॉलिसीत एक वाक्य असते. बारीक अक्षरात, इंग्रजीत. त्याचा अर्थ असा, की पॉलिसीच्या मुदतीत टोटलचा क्लेम आला तर आय.डी.व्ही. हीच गाडीची बाजारातली किंमत मानायची, तिच्यात पुन्हा घसारा कापायचा नाही. हप्ता घेताना २ लाख ४० हजारांवर घेतला ना? मग देतानाही तिथूनच सुरुवात करायची. मी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून टेबलावर ठेवले आणि म्हटले, पावणेदोन लाखांचा आकडा कोणत्या कलमाखाली लावला ते लिहून द्या. लिहून कुणी दिले नाही. पुढच्या पत्रात आकडा २ लाख ४० हजार झाला. सही करण्यापूर्वी एक वाक्य वाचले, त्याचे ६५ हजार रुपये.

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्याच्या अन्यायाबद्दल लिहिणारा माणूस स्वतःची चूक लपवू लागला की त्याचे काही खरे नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची किंमत घसाऱ्याच्या तक्त्यावरून ठरवायची पद्धत आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के कमी, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० असे करत पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता संपतो. तिथून पुढे गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत बोलून ठरवायची असते. बोलून! म्हणजे घासाघीस करायची जागा आहे, आणि ती वर्षातून एकदाच, हप्ता भरताना.

त्या वर्षी एजंटाने विचारले होते, “३ लाख धरू का २ लाख ४० हजार? कमी धरली तर बाराशे रुपये वाचतील.” मी घाईत होतो. म्हटले, वाचव. त्या बाराशे रुपयांनी माझे ६० हजार नेले. कंपनीने फसवले असे मी म्हणू शकत नाही. भाव ठरवायच्या वेळी मी बाजारात हजरच नव्हतो.

यावरून घ्यायचे ते असे. हप्ता भरताना दोन गोष्टी पाहा. पहिली, पॉलिसी कोणती आहे. कित्येकांकडे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असते. कायद्याने सक्तीची तेवढीच. तिच्यात दुसऱ्याचे नुकसान भरून मिळते. तुमची गाडी दरीत गेली तर एक छदामही मिळत नाही. दुसरी, किंमत काय लिहिली आहे. तुमच्या गाडीसारखी, त्याच सालची गाडी आज तालुक्याच्या बाजारात घ्यायला गेलात तर काय पडेल, तो आकडा लिहायला लावा. हवेतला मोठा आकडाही उपयोगाचा नाही, उगाच हप्ता वाढतो. खरा आकडा लिहा.

भंगाराचा भाव

टोटल झालेल्या गाडीचा हिशेब दोन तऱ्हांनी होतो. गाडी कंपनीला द्यायची आणि पूर्ण किंमत घ्यायची, नियमाची वजावट सोडून. माझ्या बाबतीत वजावट २ हजार होती. किंवा भंगार आपल्याकडे ठेवायचे आणि त्याची किंमत वजा करून उरलेले घ्यायचे. म्हणजे माझे गणित एकीकडे २ लाख ३८ हजार आणि गाडी गेली. दुसरीकडे १ लाख ७३ हजार आणि मोडकी गाडी दारात.

मला दुसऱ्या तऱ्हेचा मोह पडला, हे कबूल करतो. खोपोलीचा माझा मिस्त्री म्हणाला होता, कुर्ल्याहून जुने भाग आणले तर दीड लाखात गाडी उभी करतो. म्हणजे जीपही राहिली असती आणि वर २३ हजार रुपये. वर्कशॉपचे ३ लाख ६० हजार आणि मिस्त्रीचे दीड लाख, हा फरक कशाचा? नव्या भागांचा, काचेच्या केबिनचा आणि गणवेश घातलेल्या माणसांचा. खेडेगावातली गाडी खेडेगावातल्या मिस्त्रीच्या हिशेबाने अजून जिवंत असते. कंपनीच्या हिशेबाने ती मेलेली असते. हे भांडण खरे आहे, आणि मी ते भांडायलाही तयार होतो.

पण त्याच मिस्त्रीने मला एका दोरीने गप्प केले. त्याने चासीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, गाठ मारली, मग तीच दोरी दुसऱ्या बाजूने तिरपी धरली. दोन बोटांचा फरक. “साहेब, अंग वाकलंय हिचं,” तो म्हणाला. “मी इंजिन चालू करून देईन, रंग मारून देईन. पण घाटात भरल्या गाडीनिशी वळण घेताना ही कुठं जाईल ते मी सांगणार नाही.” ज्या जीपमध्ये बाळंतीण बसायची तिच्या बाबतीत २३ हजार रुपयांचा हिशेब तिथेच संपला. मी गाडी दिली.

तुमची चासी सरळ असेल तर हिशेब वेगळा होईल, तो तुम्ही करा. मात्र भंगाराच्या किमतीवर डोळा ठेवा. कंपनी भंगाराची किंमत जितकी जास्त लावेल तितके तुमचे पैसे कमी. म्हणून दोन भंगारवाल्यांकडून लेखी दर आणा. कंपनी म्हणाली ६५ हजार आणि भंगारवाले म्हणाले ४० हजार, तर कंपनीला एवढेच सांगा: भंगार एवढे मोलाचे असेल तर तुम्हीच घेऊन जा आणि मला पूर्ण रक्कम द्या. या एका वाक्याने भंगाराचा भाव लगेच जमिनीवर येतो.

गाडी दिली तरी काम संपत नाही. आरटीओच्या पुस्तकात जोवर तुमचे नाव आहे, तोवर मालक तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे: गाडी विकली, हातोहात चौथ्या माणसाकडे गेली, पण नोंद बदलली नाही, आणि मग त्या गाडीने कुणाला उडवले तर नुकसानभरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात. तुमचे भंगार घेऊन कुणी ते पुन्हा उभे केले आणि रस्त्यावर आणले तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून गाडी ओढून नेण्यापूर्वी ताबा दिल्याची पावती घ्यावी, तारीख आणि वेळ घालून. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. २०२१ पासून सरकारमान्य भंगार केंद्रांचे नियमही झाले आहेत. तिथे गाडी दिली तर जमा केल्याचा दाखला मिळतो. तो जपून ठेवावा.

गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर हे सगळे करूनही चेक आधी बँकेच्या नावाने जातो, उरले तर तुम्हाला. हे आधीच माहीत असलेले बरे.

ओढ्याकाठी काय करावे

अपघात झाला त्या जागी माणूस भांबावतो. म्हणून थोडक्यात सांगतो.

आधी माणसे. मग गाडी. पाण्यात बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नका. पाणी शिरलेले इंजिन फिरवले की आतून मोडते, आणि कंपनी म्हणते, हे पुराने मोडले नाही, तुम्ही मोडले. मी किल्ली खिशात टाकली ती मिस्त्री येईपर्यंत काढली नाही. गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. गावातल्या दोन माणसांच्या साक्षी घ्या, इजा झाली असेल किंवा चोरी असेल तर पोलिसांत ताबडतोब नोंद करा. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि क्लेमचा नंबर लिहून ठेवा. गाडी ओढून आणण्याचे पैसेही पॉलिसीत असतात, पण खासगी गाडीला नेहमीच्या पॉलिसीत फक्त १५०० रुपये. माझ्या ट्रॅक्टरवाल्याने साडेतीन हजार घेतले आणि ते त्याच्या हक्काचे होते.

कळवायला उशीर झाला म्हणून कुणी क्लेम नाकारला तर लगेच हात टेकू नका. पंजाबातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चोरीला गेला. पोलिसांत त्याने लगेच तक्रार दिली, कंपनीला मात्र बऱ्याच उशिरा कळवले. कंपनीने क्लेम फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये निकाल झाला, की पोलिसांत वेळेवर तक्रार असेल आणि चोरी खरी असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून क्लेम मारता येणार नाही.

दुसरी एक गोष्ट आपल्या भागात फार चालते. खासगी पासिंगची जीप घ्यायची आणि बाजाराच्या दिवशी दहा-दहा रुपये घेऊन माणसे भरायची. पोटासाठी करतात, मी नावे ठेवणार नाही. पण क्लेमच्या वेळी कंपनी तेवढेच शोधते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितले, की एवढ्या कारणावरून सगळा क्लेम बुडवता येत नाही, मान्य होण्यासारख्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीने द्यावा. म्हणजे चार आण्याचे नुकसान ठरलेलेच. त्यापेक्षा गाडी ज्या कामाला वापरता, तेच पॉलिसीवर लिहिलेले बरे.

सर्व्हेअर आणि त्यानंतर

५० हजारांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. तो कंपनी नेमते, पण परवाना त्याला विमा नियामकाचा असतो. त्याच्याशी भांडू नका, त्याच्या शेजारी उभे राहा. काय मोडले ते दाखवा, आणि तो काय लिहितो ते पाहा. अहवालाची प्रत लेखी मागा. तो अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे, की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही, सबळ पुरावा असेल तर त्यापेक्षा वेगळे ठरवता येते. तुमचा पुरावा म्हणजे तुमच्या मिस्त्रीचा लेखी अंदाज, फोटो, बिले. तोंडी गाऱ्हाणे हा पुरावा नव्हे.

वेळेचेही बंधन आहे. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. कंपनी चालढकल करू लागली की ही मुदत पत्रात लिहून विचारा.

तरीही नाही ऐकले तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र. नियामकाचा फोन १५५२५५. महिनाभरात उत्तर नाही, किंवा उत्तर पटत नाही, तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवे. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, मुंबईचे हेलपाटे नाहीत. भरलेला हप्ता ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षे.

एक सावधगिरी. चेकबरोबर एक पावती येते, ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशी. नाखुशीने घेत असाल तर आधी लेखी हरकत कळवा आणि तिची पोच घ्या. एका कापूस गिरणीच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की दबावाने किंवा फसवून घेतलेल्या पावतीने हक्क बुडत नाही. पण दबाव होता हे सिद्ध तुम्हालाच करावे लागते. हरकतीचा कागद असला की ते सोपे जाते.

जीपला जे आहे ते पिकाला नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. टेबलापलीकडच्या माणसाला मी ते वाक्य दाखवले आणि त्याचा आकडा बदलला, त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदाने नव्हे. मनात येत होते, बारा वर्षांच्या खटाऱ्याला जो मान आहे तो माझ्या भावांच्या कापसाला का नाही?

पाहा ना. जीपची किंमत माझ्याशी बोलून ठरते. पिकाची विमा रक्कम माझ्याशी न बोलता सरकारी तक्त्यात येते. जीपचे नुकसान माझ्या जीपवरून मोजतात. कापसाचे नुकसान मोजतात ते मंडळातल्या काही शेतांत घेतलेल्या पीककापणी प्रयोगांवरून. जणू तालुक्यातल्या बाकीच्या जीपा धडधाकट आहेत, म्हणून माझी ओढ्यातली जीपही धडधाकट! महाराष्ट्रात २०२३ पासून एक रुपयात पीकविमा होता, २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता कापसाला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि खरीप ज्वारीला २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा आहे. हप्ता भरणारा माणूस गिऱ्हाईक असतो. गिऱ्हाइकाला करार वाचायचा, अहवालाची प्रत मागायचा आणि उशिराचा जाब विचारायचा हक्क आहे. एक रुपया भरत होतो तेव्हा आपण तोंड उघडायला लाजत होतो. आता लाजायचे कारण उरलेले नाही.

पण हेही तितकेच खरे, की जीपच्या बाबतीत हक्क हातात असूनही मी बाराशे रुपयांच्या मोहाने ६० हजार गमावले. हक्क कागदावर असतो, तो वापरायला कागद वाचावा लागतो. आपण बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचायला शिकलो, खताच्या गोणीवरचे आकडे वाचायला शिकलो. पॉलिसी वाचणे त्याहून अवघड नाही.

मिळालेल्या २ लाख ३८ हजारांत तशी जीप मिळत नाही. तीन लाखांच्या खाली कुणी बोलत नाही. नेमके तेच ६० हजार कमी पडतात. तोवर मोटारसायकलने जाता येते तिथपर्यंत जातो आणि पुढे छत्री घेऊन चालतो. वाडीतली माणसे विचारतात, जीप कधी येणार. त्यांना काय सांगू? हप्ता भरताना भाव ठरवायला विसरलो, असे?

म्हणून एक विनंती. जिल्हा बैठकीला येताना भाकरीबरोबर आपापल्या गाडीची, ट्रॅक्टरची पॉलिसी आणा. पीकविम्याची पावतीही आणा. दुपारच्या सत्रात आपण त्या उघडून बसू आणि एकेक ओळ मोठ्याने वाचू. इंग्रजी ज्याला येते तो ज्याला येत नाही त्याला सांगेल. किंमत कुठे लिहिली आहे, कुणी लिहिली आहे आणि कुणाला विचारून लिहिली आहे, एवढे तरी त्या दिवशी प्रत्येकाला कळले पाहिजे.